आत्या ओरडली म्हणून

माझ्या आत्याला घरात सगळे भोंगा म्हणायचे, आणि तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आमचे आजोबा कापड गिरणीत कामाला होते. मागांच्या खडखडाटात उभं राहून राहून त्यांचे कान गेले होते, त्यामुळे घरी त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलायला लागायचं. माझे वडील लाजरे. ते हातवाऱ्यांवर भागवायचे. आत्या ओरडायला शिकली, आणि आजोबा गेल्यावरही तिचा आवाज खाली आला नाही. ती कुजबुजायला लागली की ओळखायचं, कुणाची तरी निंदा चालली आहे. आणि ती कुजबुजही शेजारच्या घरात स्वच्छ ऐकू जायची.

लग्न मात्र तिने केलं ते अगदी अबोल माणसाशी. आतोबांना दिवसाकाठी चार वाक्यं पुरायची. दोघांनी मिळून रेल्वे फाटकाजवळ लाँड्री टाकली. आतोबा मागच्या खोलीत धुलाईचं बघायचे आणि आत्या पुढच्या उघड्या खिडकीत इस्त्री करायची. खिडकीसमोर रस्ता, आणि त्याच रस्त्यावर थोडं पुढे फाटक. इस्त्रीचं काम हाताचं. तोंड आणि डोळे रिकामे. त्यामुळे फाटकावर लक्ष ठेवणं हा तिचा दुसरा धंदा झाला होता.

ते फाटक आपोआप पडणारं. आधी घंटा वाजायची, लाल दिवे उघडझाप करायचे, मग दोन्ही बाजूंनी एकेक दांडा खाली यायचा. दांडा मात्र अर्ध्या रस्त्यापुरताच. उरलेला अर्धा मोकळा ठेवलेला, म्हणजे मधे कुणी अडकलंच तर त्याला बाहेर पडता यावं. लोकांनी ती वाट आत शिरायला वापरली. पहिल्या दांड्याला वळसा घालायचा, रूळ ओलांडायचे, दुसऱ्या दांड्याला वळसा घालायचा, की झालं. दुचाकीवाले तर दांड्याखालून मान वाकवून जायचे, जणू स्वतःच्याच घराच्या बुटक्या दारातून आत चाललेत.

आत्या त्या सगळ्यांना ओळखायची. एक जण घंटा वाजली की वेग वाढवायचा. एक बाई फोनवर बोलता बोलता दांड्याला वळसा घालायची आणि बोलणं थांबवायची नाही. एक टेम्पोवाला फाटकाला हॉर्न द्यायचा, जणू फाटक बाजूला होऊन त्याला वाट देणार आहे. आत्या इस्त्री खाली ठेवायची आणि खिडकीतून आवाज टाकायची.

"अहो, रूळ ओलांडायला वेळ नाही, मग दवाखान्यात पडून राहायला आहे का?"

काही जण हसायचे, काही हात करायचे, एखादा खरंच मागे यायचा. शेजारचा किल्लीवाला म्हणायचा की रेल्वेने घंटा काढून टाकावी, आत्या आहे तेवढी पुरे.

त्या दिवशी दुपारी रस्त्यावर फारशी वर्दळ नव्हती. मी जेवणाच्या सुट्टीत माझे कपडे न्यायला आले होते, म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं. निदान पाहिलं असं मला वाटतं. घंटा वाजायला लागली. दांडे खाली आले. आमच्या खिडकीवरून एक पांढरी मोटार हळूच पुढे गेली, थांबल्यासारखी झाली आणि दांड्याला वळसा घालून आत शिरली. मोटार रंगवाल्यांची होती. त्यांचं रंगांचं दुकान आमच्याच रस्त्यावर. सभ्य माणूस, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. त्यांचे सदरे कित्येक वर्षं आत्याकडेच इस्त्रीला यायचे.

आत्या ओरडली, "थांबा!"

तिचे पुष्कळ आवाज मी ऐकले आहेत, पण हा वेगळा होता. माझ्या हातातली पिशवी खाली पडली. आणि मोटार थांबली. नेमकी रुळांवर थांबली.

पुढचं सगळं फार हळू घडलं, किंवा मला तसं आठवतं. मोटार बंद पडली होती. रंगवाले किल्ली फिरवत होते. इंजिन घरघरायचं आणि गप्प व्हायचं. डाव्या बाजूने रेल्वेगाडीचा भोंगा ऐकू आला. आत्या एव्हाना रस्त्यावर धावली होती. "उतरा! सोडा ती मोटार! इकडे या, माझ्याकडे या!" दार उघडलं, रंगवाले बाहेर पडले, एकदा धडपडले आणि तिच्या दिशेने पळत सुटले. ते दांड्याच्या अलीकडे आले आणि मागे गाडीने मोटार उचलली. मोठा आवाज झाला. त्यानंतर ब्रेक घासल्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला. गाडी थांबली तेव्हा तिचा शेवटचा डबा फाटकाच्याही पुढे गेला होता.

कुणाच्या जिवाला काही झालं नाही. गाडीतल्या काही प्रवाशांना मुका मार लागला, चालकाची भुवई फुटली. रंगवाले आमच्या पायरीवर बसले होते. एक बूट पायात, दुसरा कुठे गेला होता कुणास ठाऊक. आतोबांनी त्यांना पाणी दिलं आणि त्यांच्या शेजारी बसून राहिले.

पुढचे काही दिवस आत्याचा तोरा पाहण्यासारखा होता. येणारा प्रत्येक जण तिला पुन्हा सगळं सांगायला लावायचा. किल्लीवाल्याने तर दुकानावर पाटी लावायला सांगितली, की येथे कपडे आणि माणसं दोन्ही वाचवली जातात. आत्या नको नको म्हणायची, पण आतून सुखावली होती.

मग एका सकाळी रंगवाले आले. चेहरा उतरलेला, बोलणं नेहमीसारखंच मऊ. सदरे घेतले, घड्या बघितल्या, आणि तिथेच उभे राहिले.

"ताई, एक बोलू का? राग मानू नका."

"बोला ना."

"तुम्ही ओरडला नसता, तर मी गेलो असतो."

आत्याला आधी वाटलं, जग सोडून गेलो असतो म्हणताहेत. म्हणून ती म्हणाली की तसं काही मनात आणू नका, आयुष्याची दोरी बळकट होती.

"तसं नाही," रंगवाले म्हणाले. "पलीकडे गेलो असतो म्हणतोय. मी रोज जातो, मला अंदाज आहे. पण तुमचा आवाज आला आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला. कसा गेला, मला कळलं नाही."

"म्हणजे माझ्यामुळे..."

"मी तुम्हाला दोष देत नाही. मलाच उलगडा होत नाही, म्हणून विचारायला आलो. तुम्ही काय बघून ओरडला?"

ते भांडले असते तर तिने त्यांना पार फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सुनावलं असतं. पण ते खरोखरच विचारत होते. ते सदरे घेऊन गेले. तिने पुढचा कपडा पसरला, त्यावर इस्त्री टेकवली आणि रस्त्याकडे बघत राहिली. करपल्याचा वास आला तेव्हा आतोबा मागून आले आणि त्यांनी तिच्या हाताखालून इस्त्री उचलली.

त्या दिवसापासून तिचा स्वभाव बदलला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच प्रश्न विचारायची, की गेला असता का हो? किल्लीवाल्याचं मत, आरामात गेला असता, असे रोज जातात. फाटकाशी रोज थांबणाऱ्या एका बसचालकाचं मत उलट, गेला नसताच, गाडी डोक्यावर आली होती. मला विचारलं तेव्हा मी आधी म्हटलं, नसता गेला. मग तिने खोदून विचारलं, की तू ओरडणं आधी ऐकलंस की मोटार रुळांवर आधी पाहिलीस? मी पुष्कळ आठवून पाहिलं. एकदा वाटायचं, तिचा आवाज आला तेव्हा मोटारीची पुढची चाकं रुळांच्या अलीकडेच होती. दुसऱ्यांदा वाटायचं, मोटार आधीच रेंगाळली होती. जितकं आठवावं तितकं चित्र पुसट होत गेलं. शेवटी मी म्हटलं, "आत्या, मला माहीत नाही." ती म्हणाली, "मलाही नाही गं. आणि ओरडले तर मीच."

तिने ओरडणं सोडलं. घंटा वाजली की ती खिडकीकडे पाठ करायची. लोक नेहमीसारखे दांड्याला वळसे घालत राहिले. एकदा एक बाई स्कूटरवर मागे मुलीला घेऊन दांड्याखालून गेली. आत्याला ते कपड्यांच्या कपाटाच्या काचेत दिसलं. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. स्कूटर पलीकडे पोचली, गाडी मागून गेली, काही झालं नाही. आत्या मात्र स्टुलावर बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. मी म्हटलं, "अगं, सुखरूप गेली ना ती." त्यावर ती म्हणाली, "तेच तर. मी गप्प राहिले म्हणून गेली, की मी गप्प राहूनही गेली?"

आणखी एक विचित्र गोष्ट झाली. हॉर्न देणारा तो टेम्पोवाला एक दिवस मुद्दाम दुकानाशी थांबला. आवाज का बंद केलात, त्याने विचारलं. म्हणे, तुम्ही ओरडायचात तेव्हा मला कळायचं की आता नाही जायचं. हल्ली अंदाजच येत नाही. आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं की तो वरमला. समोर लाल दिवे होते, घंटा होती, रस्त्यावर आडवा दांडा होता, आणि हा बाबा अंदाजासाठी इस्त्रीवालीची वाट बघत होता.

रेल्वेची चौकशी लागली तेव्हा तिला साक्षीला बोलावलं. मी तिच्यासोबत गेले. लांबलचक खोली, भिंतीवर लोहमार्गाचा नकाशा, टेबलापलीकडे एक चौकशी अधिकारी. बाई मोठ्या शांत होत्या. त्यांनी विचारलं, तुम्ही ओरडलात तेव्हा मोटार नेमकी कुठे होती?

आत्या म्हणाली, "बाई, मी खरं सांगते. रोज मला वेगळं आठवतं."

बाईंना हसू आलं नाही, आणि त्या चिडल्याही नाहीत. तेवढंच लिहू का, त्यांनी विचारलं. आत्या म्हणाली, तेवढंच लिहा. शेजारी रंगवाले बसले होते. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी स्वतःहून सांगितलं की फाटक पडलेलं असताना मी आत शिरलो, ते कुणाच्या सांगण्यावरून नाही. त्यांनी आत्याच्या ओरडण्याचा उल्लेखही केला नाही. आत्या त्यांच्याकडे आ वासून बघत राहिली.

बाहेर व्हरांड्यात गाडीचा चालक बसला होता. निवृत्तीला आलेला माणूस, भुवईवर अजून पट्टी. आत्या थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने तोच प्रश्न विचारला. व्हरांड्यातले सगळे वळून बघायला लागले, कारण बऱ्याच दिवसांनी तिचा खरा आवाज बाहेर पडला होता.

चालकाने तिला शेजारी बसायला सांगितलं. म्हणाला, "मला ती मोटार दिसली तेव्हा ती थांबलेलीच होती. माझ्या डोळ्यांनी तिला चालताना पाहिलंच नाही."

"म्हणजे मी ओरडायच्या आधीच थांबली होती?"

"ते मला कसं कळणार? तुमचा आवाज माझ्यापर्यंत येत नाही. मला दिसलं, मी ब्रेक लावला. पण आमचा ब्रेक म्हणजे पुढे कुठेतरी थांबण्यासाठी. तिथल्या तिथे थांबणं आमच्या हातात नाही."

मग त्याने तिला आणखी एक सांगितलं. समोरून येणारी गाडी माणसाला आहे त्यापेक्षा हळू वाटते. मोठी वस्तू सरळ अंगावर येत असली की तिचा वेग डोळ्याला कळत नाही, दुरून तर ती जागीच उभी असल्यासारखी वाटते. त्यामुळे रोज जाणाऱ्याला अंदाज असतो म्हणतात, तो त्याचा नशिबाने खरा ठरलेला अंदाज असतो. गेला असता का, हे चालकालाही सांगता येत नव्हतं. तोही त्या दुपारपासून हाच हिशेब करत होता. त्याला झोप लागत नव्हती.

मग त्याने आत्याला विचारलं, तो मोटारवाला पळाला कुठल्या बाजूला? ती म्हणाली, माझ्याकडे. आमचं दुकान कुठल्या अंगाला आहे, ते तिने हाताने दाखवलं.

"म्हणजे माझ्या दिशेने," चालक म्हणाला. "बरोबर पळाला. मोटार सोडली की रुळांपासून लांब, आणि गाडी येते त्या बाजूला तिरकं पळायचं. लोक उलटं पळतात, गाडीला पाठ करून. मग उडालेली मोटार त्यांच्याच अंगावर येते. त्या उलट्या बाजूचा लोखंडी खांब पाहिलात ना, कसा आडवा झालाय?"

आत्याने तो खांब पाहिला होता. पण तिने रंगवाल्यांना आपल्याकडे बोलावलं ते केवळ दुकान या अंगाला होतं म्हणून. दुकान रस्त्याच्या पलीकडे असतं, तर तिने तिकडे बोलावलं असतं.

"म्हणजे मीच अडकवलं आणि मीच सोडवलं?" तिने विचारलं.

चालकाने हात पसरले. तो म्हणाला, "मी भोंगा वाजवतो तेव्हा कुणी थांबतं, कुणी दचकून भलताच ब्रेक दाबतं. कोण काय करेल, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही."

परत येताना बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली. मला वाटलं, आता गाठ सुटली असेल. घरी पोचल्यावर तिने कात्री, एक दोरा आणि काड्यापेटी काढली. दोरा टेबलावर आडवा टाकला आणि आतोबांना म्हणाली, "अहो, ही काड्यापेटी ढकला. रोज मोटारी जातात तशी." तो दोरा म्हणजे रूळ. काड्यापेटी दोऱ्याच्या अलीकडे असेल तर तिने थांबा म्हणायचं, दोऱ्यावर आली तर पळा म्हणायचं. आतोबा मुकाट्याने ढकलत राहिले. ती दर वेळी चुकायची. थांबा म्हणेपर्यंत पेटी दोऱ्यावर, पळा म्हणेपर्यंत पलीकडे. एकदा तर दोन्ही शब्द एकदमच बाहेर पडले. मला हसू फुटलं, मग तिलाही फुटलं. आतोबा हसले नाहीत. त्यांनी काड्यापेटी खिशात घातली.

"तू खिडकीत उभी असतेस," ते म्हणाले. "चाक त्याच्या हातात असतं."

त्या दिवसाचं त्यांचं एवढंच बोलणं असावं. आत्याला ते पटलं की नाही, सांगता येत नाही. पण ती उठून जेवायला बसली.

चौकशीत सगळा दोष रंगवाल्यांचा ठरला. त्यांचा मोटार चालवायचा परवाना काही महिन्यांसाठी गेला. त्यांनी तक्रार केली नाही. ते पायी यायला लागले, आणि दुकान बंद करून घरी जाताना फाटक पडलेलं असलं की आमच्या पायरीवर उभे राहायचे. सुरुवातीला दोघांची फार पंचाईत व्हायची. आत्या इस्त्रीकडे बघायची, ते फाटकाकडे. मग हळूहळू हवापाण्याचं बोलणं सुरू झालं.

एक दिवस गाडी जात असताना ते म्हणाले, "ताई, मला एक गोष्ट आठवत नाही. त्या दिवशी मी कुठे निघालो होतो?"

"घरी ना. जेवायला."

"जेवण तर दुकानातच झालं होतं. डबा आणला होता. घरी कुणी वाट बघत नव्हतं, काही काम नव्हतं. बायको विचारते, एवढी कसली घाई होती? मी रोज आठवून बघतो. काही सापडत नाही."

आत्याने इस्त्री बाजूला ठेवली. गाडी गेली, दांडे वर झाले, तरी रंगवाले थोडा वेळ पायरीवरच उभे राहिले.

पुढे रेल्वेने रस्त्याच्या मधोमध उंच दुभाजक बांधला आणि दांड्यांची लांबी वाढवली. आता मोटारींना वळसा घालता येत नाही. दुचाकीवाले अजूनही मान वाकवतात. आत्या पुन्हा ओरडते, पण पूर्वीसारखी नाही. घंटेचा पहिला ठोका पडला की लगेच, रस्त्यावर कुणी असो वा नसो, ती एकदाच "थांबा" म्हणते. मग मान खाली घालून काम करते. नव्या गिऱ्हाइकांना ते चमत्कारिक वाटतं. एकाने दुकान रेल्वेचं आहे का, असंही विचारलं.

मागच्या आठवड्यात आम्ही दोघी चादरींच्या घड्या घालत होतो. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. मी तिला विचारलं, अजून तो विचार येतो का?

"येतो ना," ती म्हणाली. "सकाळी वाटतं, मी त्याला वाचवलं. संध्याकाळी वाटतं, मीच त्याला रुळांवर अडकवलं होतं."

"आणि दुपारी?"

"दुपारी कामात असते," ती म्हणाली, आणि चादर ओढून ताठ केली.